गालावरचा जिल्हा

माझ्या डाव्या गालावर जन्मापासून जळगाव जिल्हा आहे. लाडाने म्हणत नाहीये, नकाशाशी ताडून बघितलंय. समोरच्या माणसाला दिसतं ते असं: कानाजवळ रावेर आणि मुक्ताईनगर, नाकाला टेकलेलं चोपडा, ओठाच्या कोपऱ्याकडे उतरत गेलेलं चाळीसगाव. रंग पिकल्या जांभळाचा. आमचं फैजपूर गालाच्या हाडावर नेमकं कुठे येतं ते शोधायला मी एकदा पट्टी घेऊन आरशासमोर बसले होते. आरशात जिल्हा उलटा पडतो हे लक्षात येईपर्यंत बराच वेळ गेला. आईला वाटलं पोरगी भूगोल करतेय, तिने दूध आणून दिलं.

नाव सुलक्षणा. आत्याने ते ठेवलं तेव्हा मी पाळण्यात डाव्या कुशीवर झोपलेली असणार.

पण ही गोष्ट डागापेक्षा पहिल्या रांगेची जास्त आहे. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला दरवर्षी दिपमाला मॅडम मुलींचा एक मोठा नाच बसवतात, अहिराणी गाण्यावर, आणि निम्मं फैजपूर तो बघायला येतं. त्या नाचाच्या पहिल्या रांगेत उभं राहायचं, एवढी एकच गोष्ट मला पाचवीपासून हवी होती. पाचवीत मी शेवटच्या रांगेत होते. सहावीतही शेवटच्याच, पण खांबामागे. सातवीत मॅडम म्हणाल्या, "सुलक्षणा, तू पडदा ओढशील का? जबाबदारीचं काम आहे." आठवीत मी हातात सूप घेऊन मागे उभी होते, आणि सुपात काहीच नव्हतं.

कारण उघड होतं. जिल्हा.

खरं सांगायचं तर जिल्ह्याचे फायदेही फार होते. गणितात मार्क कमी पडले की मी म्हणायचे, सर माझ्याकडे बघायला कचरतात, फळ्याकडेच बघतात, मग मला समजणार कसं. खो-खोच्या टीममध्ये घेतलं नाही, डाग. एका मैत्रिणीने वाढदिवसाला बोलावलं नाही, डाग. मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही, मग कळलं की तिचा वाढदिवस पुढच्या महिन्यात असतो. माझ्या प्रत्येक अपयशाला एक तयार उत्तर होतं आणि ते गालावरच चिकटवलेलं होतं. दप्तरात शोधायचीसुद्धा गरज नाही.

वर्षातले तीन महिने मात्र माझे. मार्चपासून आमच्याकडे ऊन असं पेटतं की खऱ्या जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या मुली डोळ्यांपुरती फट ठेवून तोंडाला स्कार्फ गुंडाळतात. बाजारात कोण सुंदर, कोण साधी, काही कळत नाही. त्या दिवसांत मी फार तोऱ्यात चालायचे. लोक पंख्याखाली बसून उन्हाळ्याला शिव्या द्यायचे आणि मला वाटायचं, बिचाऱ्याला कोणी समजूनच घेत नाही.

घरात या डागाचा वेगळाच इतिहास सांगितला जायचा. सांगणारी माझी आजी, भिकुबाई. तिला घरदार आणि गल्ली, सगळेच अक्का म्हणतात. माहेर भडगावचं. लग्न होऊन फैजपूरला आली, इथे म्हातारी झाली, पण भडगावची अहिराणी बोली तिने आजतागायत सोडलेली नाही. तिचं म्हणणं, मी पोटात असताना ग्रहण लागलं होतं. ग्रहणात पोटुशी बाईने काही चिरायचं नसतं, कापायचं नसतं, एका जागी गुपचूप बसायचं असतं. आणि माझ्या आईने काय केलं?

"बीट चिरं व्हतं तिन्ही," अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "रंग दखा ना तुम्हीच."

रंग बघून पाहुणे मान डोलवायचे. पुरावा गालावरच होता, त्यामुळे खटला कधी उभाच राहिला नाही. आई यावर हो म्हणायची नाही, नाहीही म्हणायची नाही. फक्त आमच्या घरात बीट येत नसे. सगळ्या भाज्या येत, बीट नाही.

माझे वडील, त्यांना आम्ही भाऊ म्हणतो, केळीवाले. साधे केळीवाले नाहीत, एक्सपोर्टवाले. भाऊंची केळी दुबईला जातात, भाऊ स्वतः इंदूरपर्यंत गेलेत. एक्सपोर्टच्या केळीचं असं असतं की एका फणीवर नखाएवढा डाग दिसला तरी कंपनीचा माणूस ती फणी बाजूला काढून ठेवतो. म्हणून घड निसवला, म्हणजे झाडातून बाहेर पडला, रे पडला की भाऊ त्याला वरून पांढरी स्कर्टिंग बॅग चढवतात. पातळ, कापडासारखी पिशवी असते, वर दांड्याला बांधायची, खाली मोकळी. ऊन नको, पानांचं घासणं नको, किडा नको. दिवसभर असे निर्मळ घड हाताळून भाऊ संध्याकाळी घरी येत आणि समोर मी. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण मला वाटायचं की मी त्यांची बाजूला काढून ठेवलेली फणी आहे. हे वाक्य मी निबंधातही लिहिलं होतं. मराठीच्या बाईंनी शेजारी लिहिलं, "शुद्धलेखन सुधार."

तर नववीत गेले त्या उन्हाळ्यात भाऊंच्या पाठीवर नायटा आला. जळगावच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे ते निघाले, मी सोबत, कारण परत येताना मला दप्तर घ्यायचं होतं. डॉक्टर मॅडम भाऊंची पाठ बघता बघता माझ्याकडेच बघायला लागल्या. दवाखान्यात शिरताना मी स्कार्फ काढला होता.

"हिला कधी कुठे दाखवलं नाही?"

"तिला ते जन्मापासून आहे," भाऊ म्हणाले, म्हणजे विषय संपला अशा सुरात.

"माहितेय. लेझरने फिकट होतं हे."

भाऊंनी शर्ट अर्धवट चढवला होता, तसाच राहू दिला. "किती टक्के?"

"टक्क्यांत नाही सांगता येणार. पाच-सहा वेळा करावं लागेल, कदाचित जास्त. मध्ये दीड-दोन महिने थांबायचं. बऱ्यापैकी फिकट होईल, पूर्ण जाईलच असं नाही. नाकाजवळचा भाग हट्टी असतो. लहान असताना आणलं असतं तर आणखी बरं झालं असतं."

भाऊ खाली बघून शर्टाची बटणं लावायला लागले आणि चुकीच्या काजात लावत गेले. मी मात्र यातलं काहीच ऐकलं नव्हतं. माझ्या कानांनी "लेझर" एवढा एक शब्द घेतला आणि तो घेऊन ते थेट पहिल्या रांगेत जाऊन उभे राहिले.

मशीन धुळ्याला होतं. डॉक्टर मॅडम शनिवारी तिथे असायच्या. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यातला शनिवार ठरला. पुनम माझी खास मैत्रीण, पहिल्या रांगेत मधोमध उभी राहणारी, जन्मतःच ताल घेऊन आलेली. तिला मी सांगितलं, "शनिवारी धुळ्याला जाते, सोमवारी कोरा गाल घेऊन येते."

"एका दिवसात जातं?"

"लेझर आहे ते, पुनम. मलम नाही."

पुनमने ते वर्गाला सांगितलं. शेवटच्या बाकावरचा नवल म्हणाला, "मग आम्ही हिला ओळखणार कसं?" मी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं जशी पहिल्या रांगेतली मुलगी शेवटच्या बाकाकडे बघते. सराव करून ठेवलेला बरा.

धुळ्याला आईही आली. आत जायच्या आधी तासभर गालावर बधिर करायचं क्रीम लावून बसवलं. गाल आपला नाही, उसना आणलाय असं वाटायला लागलं. तेवढ्यात मॅडम बघायला आल्या तर आईने, घरून निघाल्यापासून एक शब्द न बोललेल्या माझ्या आईने, फरशीकडे बघत विचारलं, "मॅडम, हे ग्रहणाने होतं का?"

"नाही."

"बीट चिरलं तर?"

मॅडमनी आईकडे नीट बघितलं. मग शेजारच्या खुर्चीवर बसल्या. "ताई, कशानेच नाही. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या हिच्या गालावर रुंद राहून गेल्यात, पोटात असल्यापासून. तुम्ही काही केलं म्हणून नाही. कोणाच्याही हातून झालेलं नाही हे."

बस किती वाजता आहे ते कळल्यावर माणूस मान हलवतो तशी आईने हलवली. बस्स.

लेझर म्हणजे मला वाटलं होतं प्रकाशाचा एक झोत येईल, मंद संगीत वाजेल. तसं काही नसतं. डोळ्यांवर काळा जाड चष्मा बांधतात. गालावर गार फवारा येतो आणि लगेच कोणीतरी रबरबँड ताणून सोडल्यासारखा फटका. मिटल्या डोळ्यांतसुद्धा पिवळं लखलखतं. फवारा, फटका, फवारा, फटका. क्रीम होतं म्हणून, नाहीतर मी रावेरपर्यंतसुद्धा टिकले नसते. मॅडम म्हणाल्या, "शूर आहेस." मी म्हणाले, "सवय आहे." कसली सवय ते त्यांनी विचारलं नाही, बरं झालं, मलाही माहीत नव्हतं.

मग आरसा दिला. मी कोरा गाल बघायला आरसा उचलला.

जिल्हा जागेवर होता. वर त्याच्यावर काळपट जांभळे गोल छापे उमटले होते, एकाला एक लागून, कोणीतरी शाईत बाटलीचं झाकण बुडवून दमेपर्यंत छापत बसावं तसे.

"दहा-पंधरा दिवस असंच दिसेल, आधीच सांगितलं होतं ना," मॅडम म्हणाल्या. सांगितलं असणार. माझे कान तेव्हा गॅदरिंगला गेले होते. "आता नीट ऐका. ऊन अजिबात लागू द्यायचं नाही. काही घासलं जाऊ द्यायचं नाही, स्कार्फ बंद. हवा खेळती राहिली पाहिजे."

स्कार्फ बंद. मी आयुष्यात पहिल्यांदाच खरोखर लपवण्यासारखी दिसत होते आणि नेमका तेव्हाच माझा स्कार्फ गेला.

परतीच्या एसटीत समोरच्या सीटवरची म्हातारी माझ्याकडे बघत होती, मग भाऊंकडे, मग परत माझ्याकडे. पारोळा आलं तेव्हा तिला राहवलं नाही.

"पोरीची जात आहे हो. असं मारतं का कोणी?"

"लेझर आहे मावशी," भाऊ म्हणाले.

"कशाने का असेना. मारलं ते मारलंच ना."

अर्धी बस वळून भाऊंकडे बघायला लागली. माझे भाऊ, जे केळीच्या घडावरसुद्धा कधी हात जोरात ठेवत नाहीत, ते एरंडोलपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. एरंडोलला आम्ही जेवायला उतरलो. माझी आई बाहेर गेली की अर्धा चहा पिते, उरलेला भाऊंना देते. त्या दिवशी तिने स्वतःहून शेवभाजी मागवली. लालभडक, तर्रीदार. एकटीने संपवली, कपाळावरचा घाम पदराने पुसला आणि पोऱ्याला म्हणाली, "आणखी एक भाकरी आण." मी आणि भाऊ बघतच राहिलो. मला वाटलं हिला माझी काळजीच नाही. इतकी मी हुशार.

घरी अक्का दारातच उभी होती. तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"हाई काय करी आनं पोरनं? पहिले एक डाग व्हता. आते बठ्ठा छापखानाच शे."

रविवारी मी कोणाला भेटले नाही. सोमवारी शाळेत जायचं नाही हे माझं पक्कं ठरलं होतं, आणि भाऊंचं पक्कं ठरलं होतं की शाळा बुडवायची नाही. ते रात्रभर विचार करत होते म्हणे. ऊन लागायला नको, घासायला नको, हवा खेळती पाहिजे. हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. पहाटे त्यांना आठवलं कुठे ते. एक्सपोर्ट कंपनीचा माणूस दर हंगामात येऊन त्यांना शब्दशः हेच सांगतो.

ते गोठ्याकडच्या खोलीत गेले आणि नवी कोरी स्कर्टिंग बॅग घेऊन आले.

"भाऊ, नाही," मी म्हणाले.

"एकदा घालून तर बघ. आत एकदम गार असतं. चाळीस डिग्रीला घड टिकतो यात."

त्यांनी बॅग गुडघ्यावर ठेवून मापात कापली, डोळ्यांना दोन खिडक्या पाडल्या. वरची गाठ त्यांनी घडाला मारतात तशीच मारली, सवयीने. खाली आईने सैलसर इलॅस्टिक ओवलं. आतून एक वेताची कडी शिवली, म्हणजे कापड गालाला टेकणार नाही. नवरा-बायको इतक्या एकमताने काम करताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

अक्का ओसरीवरून बघत होती. "पोरनं तोंड शे ते," ती म्हणाली. "केळना घड नही."

"घडाला जमतं तर हिला का नाही जमणार," भाऊ म्हणाले, आणि मला मोटारसायकलवर बसवून भर बाजारातून शाळेत घेऊन गेले.

मी त्या प्रवासाबद्दल फार लिहिणार नाही. एवढंच सांगते की फैजपुरात लहान पोरालाही स्कर्टिंग बॅग म्हणजे काय ते माहीत असतं. सिग्नल नसूनसुद्धा लोक थांबत होते. केळीच्या गाडीवरचे मजूर तर उठून उभे राहिले.

वर्गात शिरले तेव्हा सगळी डोकी वळली. मग नवलचा आवाज आला, "माल आला रे."

एरवी मी खाली मान घालून बाकावर गेले असते आणि घरी जाऊन जिल्ह्याला शिव्या दिल्या असत्या. पण आत एक गंमत होती. आतून मला सगळे दिसत होते, मी कोणाला दिसत नव्हते. माझं तोंड लाल झालेलं कोणाला कळणार नव्हतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "लांबून बोल. हात लावलास तर दुबईवाले परत पाठवतील."

वर्ग हसला. पुनम तर बाकावर डोकं टेकून हसली. मला पिशवीच्या आत माझाच श्वास ऐकू येत होता. मी आणखी एक सोडलं, "आणि भाव विचारू नकोस, लोकल माल वेगळा असतो." सर आले, त्यांनी विचारलं हे काय आहे, मी उभी राहून म्हणाले, "सर, पॅकिंग." सरांनी हजेरीवहीत तोंड घातलं, खांदे मात्र हलत होते.

मला त्या दिवशी शोध लागला की मी बोलते. चांगलं बोलते. मधल्या सुट्टीत दुसऱ्या तुकडीच्या मुली मला बघायला आल्या, आणि मी त्यांना घड पिकवायची पद्धत समजावून सांगितली. पंधरवडाभर मी अशी शाळेत गेले. छापे काळ्याचे तपकिरी झाले, तपकिरीचे फिकट पिवळे, आणि एक दिवस पिशवीची गरज उरली नाही. पिशवी उतरली. तोंड मात्र बंद झालं नाही, ते आजतागायत.

दुसऱ्या वेळी धुळ्याला गेलो तेव्हा मॅडमनी विचारलं, उन्हाचं काय केलंत. भाऊंनी अभिमानाने खिशातून घडी घातलेली पिशवी काढून टेबलावर ठेवली. मॅडमनी ती उलटसुलट केली, दोन खिडक्यांतून पलीकडे बघितलं.

"मोठ्या काठाची टोपी चालली असती," त्या म्हणाल्या. "आणि छत्री."

भाऊंनी पिशवी परत घडी घालून खिशात ठेवली. "यात हवा जास्त खेळते," ते हळूच म्हणाले.

त्या वर्षात तीन वेळा धुळं झालं. रावेर आणि मुक्ताईनगर जवळजवळ पुसलं गेलं. जामनेर, पाचोरा गुलाबी होत गेले. चाळीसगाव उन्हात नीट बघितलं तरच दिसायचं. चोपडा मात्र नाकाला धरून बसलं होतं, मॅडम म्हणाल्या होत्या तसं हट्टी. मला ते चालणार होतं. एका तालुक्याने कोणाची पहिली रांग अडत नाही.

डिसेंबरात नाचाची निवड सुरू झाली. मी हात वर करून वाट बघणाऱ्यांतली राहिले नव्हते. थेट दिपमाला मॅडमच्या टेबलाशी गेले.

"मॅडम, यंदा मला पहिली रांग द्या."

दिपमाला मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग पुनमकडे. पुनमने खिडकीबाहेर बघितलं.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "नाचून दाखव."

गाणं लागलं. मी नाचले. जीव ओतून नाचले. गेल्या सगळ्या वर्षांचं सूप, पडदा, खांब, सगळं त्यात ओतलं. मध्ये मॅडमचा आवाज येत होता, "उजवा. उजवा. सुलक्षणा, उजवा." मला वाटलं त्या मला उत्तेजन देताहेत. गिरकी घेतली तेव्हा कपाटावरची घंटा खाली पडली.

गाणं बंद झालं. मॅडम म्हणाल्या, "मागच्या रांगेत ठेवते तुला."

 आधीची मी असते तर गप्प बसले असते, पण तोंड बंद व्हायचं विसरलं होतं ना.

"डागामुळे ना?"

"काय डागामुळे?"

"तुम्ही मला दरवर्षी मागे ठेवता. आता तर तो गेलाय निम्म्याहून जास्त. तरी पण."

मॅडम बाकावर बसल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सुलक्षणा, डाग गालावर आहे. नाचायचं पायांनी असतं. डाग काय पायाला होता का?"

मी माझ्या पायांकडे बघितलं.

"पाचवीत तू शेजारच्या मुलीच्या पायावर नाचलीस, ती लंगडत घरी गेली. सहावीत तुझ्यात आणि बाकीच्यांत खांब मीच आणला. सातवीत पडदा दिला, तो तू नाच चालू असताना ओढलास."

"आणि सूप?"

"हात गुंतलेले राहावेत म्हणून."

पुनमने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता. मला ते दिसत होतं.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही तुम्ही?"

मॅडम थोडा वेळ माझ्या गालाकडे बघत राहिल्या, अगदी सरळ, आणि माझ्या लक्षात आलं की एवढं सरळ त्या माझ्याकडे पहिल्यांदाच बघताहेत. "सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं की डागामुळे बोलते," त्या म्हणाल्या. "आता वाटणार नाही म्हणून सांगितलं."

घरी जाताना मी रडायचं ठरवलं होतं. सायकलवर बसल्यावर विचार करत गेले. गणिताचे सर फळ्याकडे बघतात कारण फळ्यावर गणित असतं. खो-खोत मी पळते कमी आणि सूचना जास्त देते. माझ्या अपयशाचं छापील उत्तर मॅडमनी फाडून हातात दिलं होतं. आता जे काही बिघडेल ते माझंच. रडायला तोंड उघडलं आणि फिस्कन हसू आलं, कारण घंटा पडल्याचा आवाज आठवला. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न देऊन मला कडेला घेतलं.

जेवताना मी सगळं सांगितलं. नकला करून, मॅडमच्या आवाजासकट. भाऊ हसले नाहीत, ते ताटात बघत होते. आई म्हणाली, "तुमच्या भावाच्या हळदीत तुम्ही नाचला होता, आठवतंय? मांडवाचा खांब हलला होता."

"खांब आधीच ढिला होता," भाऊ म्हणाले.

आणि अक्का हसायला लागली. तोंडातला घास सांभाळत, मांडीवर हात मारत. "तुन्हा आजोबा वरातमा नाचना," ती मला म्हणाली, "ते बँडवालास्नी बाजाच बंद करी दिन्हा." डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं. मग आईकडे न बघता, भाकरी मोडता मोडता बोलली. "हाई सूनकडलं काहीच नही. हाई आमना घरनंच शे."

आई भाकरी थापत होती. तिचा हात एकदा थांबला, परत चालू झाला.

त्या बुधवारी आठवडे बाजारातून आई बीट घेऊन आली. स्वयंपाकघरात आडोशाला नाही, ओसरीवर अक्काच्या समोर विळी मांडून तिने ते चिरलं. बोटं लाल झाली, फरशी लाल झाली. अक्का जपमाळ ओढत बघत होती. रात्री तिने कोशिंबीर दोनदा घेतली आणि वर मीठ कमी आहे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे गेले. "शेवटची रांग चालेल," मी म्हणाले. "पण सूप नको. हात मोकळे पाहिजेत."

"शेजारी कोणी उभं राहणार नाही मग," मॅडम म्हणाल्या.

"चालेल."

जानेवारीत गॅदरिंग झालं. शेवटच्या रांगेत, डाव्या टोकाला, दोन्ही बाजूंना भरपूर जागा सोडून मी उभी होते. पाचवीपासून, पडद्याचं वर्ष सोडून, उभी राहत आलेय तिथे, पण स्वतःच्या लायकीने पहिल्यांदाच. भाऊ खाली दुसऱ्या ओळीत बसले होते आणि टाळ्या वाजवत होते, ताल सोडून, अगदी मनापासून. मी त्यांना बघून हात केला. नाचात तिथे हात करायचाच नव्हता.

पुढच्या महिन्यात परत धुळं आहे, चोपड्यासाठी. इकडे नाचाचा फोटो शाळेच्या बोर्डावर लागलाय. फोटोवाल्याने नेमका माझ्या डाव्या बाजूने काढलाय, गाल पूर्ण उजेडात. पुनमने मला ओढत नेऊन दाखवला. सगळ्या मुलींचा उजवा पाय हवेत आहे, एका रेषेत, आणि शेवटच्या टोकाला एकीचा डावा. कोणी डाग शोधायला गेलं तर त्याला आधी तो पाय ओलांडावा लागेल.